ऑगस्टमधला हीटर

ऑगस्टच्या भर दुपारी श्रीरंग अमेरिकेतल्या प्लेनो शहराच्या पोस्टात रांगेत उभा होता. त्याच्या पुढे एक मराठी जोडपं होतं, सकाळी बघून आलेल्या घरावरून जुंपलेलं.

“अहो, एवढ्या उकाड्यात हीटर लावायची काय गरज होती?”

“मग काय, घर घेतल्यावर जानेवारीत चेक करायचा?”

“ती एजंट बिचारी घामाने निथळत अंगणात पळाली!”

“पळू दे. सगळीकडे गरम हवा आली ना?”

“मागच्या खोलीत नाही आली. मी गरम हवेच्या जाळीवर हात धरून बघितलं.”

“अगं, ती तर आईची खोली! ती डिसेंबरात येतेय.”

“म्हणूनच म्हणते, घरमालक ते दुरुस्त करून देईपर्यंत सही करायची नाही.”

“मालिनी, आईची इतकी काळजी?”

“आईंना आपली खोली देणार आहे. मागच्या खोलीत तुम्ही झोपायचं.”

“आणि तू?”

“मी आईंजवळ. तुम्ही घोरता, हे त्यांनी लग्नाआधीच सांगायला हवं होतं.”

श्रीरंगला हसू आवरेना. काका गर्रकन वळले.

“मराठी का रे तू? मग सांग, घ्यावं का हे घर?”

“घ्या काका. फक्त मागच्या खोलीचं दार जाड आहे का, तेवढं बघा.”