वडाची फांदी घरपोच

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या दातांच्या दवाखान्यात बिदरकडच्या, मराठी जाणणाऱ्या भागुबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. इथं मराठी कोणाला कळतंय, अशा थाटात शेजारच्या दोघींची तोंडं सुटली होती.

"गौरी, वादळात पडलेली ती वडाची फांदी गेली का गं फाटकातून?"

"गेली होती. महापालिकेची माणसं म्हणाली, तुमच्या आवारात पडलीय, तुम्हीच बघा. मग मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, वटपौर्णिमेला ताजा वड, घरपोच."

"म्हणजे कचरा गेला आणि वर पुण्यही लागलं!"

"कसलं पुण्य, देवश्री! काल सकाळी सगळ्यांनी वड पुजला आणि संध्याकाळी एकेक जण सूत गुंडाळलेली डहाळी घेऊन परत. म्हणे, वड वडापाशीच ठेवावा. फाटकात हा ढीग!"

"मग सारायचा बाजूला."

"सासूबाई म्हणाल्या, पौर्णिमा संपेपर्यंत हात लावायचा नाही. ओलांडायचा तर नाहीच नाही."

"पण त्या कालच नागपूरला जाणार होत्या ना?"

"तेवढ्यासाठीच तर फाटक मोकळं केलं होतं गं मी! बॅगा भरलेल्या, त्यांच्या हातावर दहीसाखर ठेवलेली, बाहेर टॅक्सीवाला 'अक्का, स्वल्प बेगा', जरा लवकर, म्हणून भोंगा वाजवतोय..."

"आणि विमान?"

"देवनहळ्ळीहून अगदी वेळेवर उडालं."

"आणि सासूबाई?"

"बॅगा रिकाम्या करून माळ्यावर टाकायला लावल्या. म्हणाल्या, आता दिवाळी करूनच जाईन."