बाजूला काढलेल्या विटा

'भद्द!'... असा आवाज झाला होता, आणि तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, आमची ही भिंतीला खाट लावून झोपतच नाही! नवीन लग्न, भाड्याची खोली, आम्ही दोघं बाहेर पायरीवर चहा पीत बसलेलो, आणि आतली भिंत चक्क खाली बसली... पडली नाही हो, बसली, दमल्या माणसासारखी! आत बिस्किटासारख्या मऊ विटा! झालं, त्या दिवसापासून हिची खाट खोलीच्या मधोमध. घरं बदलली, पोरं झाली, पोरांची लग्नं झाली, पण खाट मधोमध! पाणी प्यायला उठावं तर नडगी खाटेला!

म्हणून मुलानं घर बांधायला काढलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, हिच्या खोलीची भिंत अशी करून घ्यायची, की हिनं आपणहून खाट भिंतीला लावली पाहिजे. यात काय वाईट?

आता मी काही संशयी माणूस नाही... पण तुम्हीच सांगा, विटांचा ट्रक नेमका आपण जेवायला बसल्यावरच का येतो? आणि ठेकेदार माल उतरवताना हसतो कशाला? विटांत हसण्यासारखं काय असतं? मी आपला हात धुतला, दोन विटा उचलल्या, एकमेकींवर आपटल्या. टण्ण! म्हटलं, छान. दुसऱ्या दोन आपटल्या... ठप्प. धरला की नाही चोर!

गवंड्याला विचारलं, तर तो कसा बोलतो, तोंडात तंबाखू, "बाबा, वाजते ती पहिल्या नंबरची, ती बाहेरच्या भिंतीला, पावसाचा मार खायला. ठप्प बोलते ती दुसऱ्या नंबरची, आतल्या भिंतीला, वर प्लास्टर. नखानं ओरखडा उठतो ती कच्ची, ती आडोशाला. आणि जळून काळी, वाकडी झालेली आम्ही बाजूला काढतो, फोडून फरशीखाली घालतो. प्रत्येकीला आपापली जागा असते, बाबा."

जागा असते म्हणे! मी काही संशयी माणूस नाही, पण चांगली वस्तू माणूस प्लास्टरखाली झाकतो कशाला? आणि हिची खोली नेमकी आत!

मग काय, लागलो कामाला. येईल तो ढीग वाजवायचा. टण्ण, ठप्प, टण्ण, ठप्प... मुलगा म्हणाला, "बाबा, शेजारी विचारतायत, म्हातारपणी बँडात शिरलात का?" ही ओरडते, "अहो, माझी आंघोळीची बादली कुठंय?" बादलीत वीट! किती पाणी पिते ते बघत होतो. सून तर माझ्याशी बोलेचना, मी तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या दोन विटा परत मागितल्या म्हणून. पण मी एकेक टण्ण वीट निवडली, हिच्या खोलीच्या कोपऱ्यात रचली, वर पोतं टाकलं... ठेकेदाराची नजर नको! कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर त्यानं बदलल्या नसत्या?

भिंतीच्या दिवशी जरा डोळा लागला माझा. जाग आली तीच आवाजानं. टण्ण! टण्ण! काय गोड आवाज हो! म्हटलं, गवंडी सुधारला, वाजवून लावतोय. धावत गेलो... तर बिगारी हातोड्यानं माझ्या विटा फोडतोय! गवंडी म्हणतो, "बाबा, बाजूला काढलेला ढीग म्हणजे टाकाऊच ना? याच खोलीच्या फरशीखाली घातल्या. पण काय कडक माल होता हो, हात भरून आले पोराचे!"

आणि भिंत? भिंत उरलेल्यांची. आठवड्याभरात वर प्लास्टरसुद्धा झालं.

हिला काही कळू दिलं नाही. राहायला आलो, ही खोलीत उभी राहिली, भिंतीवरून हात फिरवला, म्हणाली, "तुम्ही एवढ्या विटा वाजवल्यात म्हणजे भिंत पक्कीच असणार." आणि तिनं... तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं... तिनं आपणहून खाट सरकवली आणि भिंतीला लावली!

गवंडी शपथेवर सांगतो, आतल्या भिंतीला ती वीट चांगली चालते, काही होत नाही. असेलही. मी काही संशयी माणूस नाही... पण काल दुपारी जरा आडवं व्हावं म्हटलं, तर पाय काही खाटेकडे वळेनात. फरशीवरच सतरंजी टाकली. मधोमध. खाली सगळा पहिल्या नंबरचा माल, आणि फरशी काही पडत नाही.

तेवढ्यात ही आली. "अहो, खाली का?"

"पाठ धरलीय."

"मग मधोमध का?"

मी छताकडे बघत बसलो. तिनं बोटाच्या पेरानं भिंत वाजवली. ठप्प. माझ्याकडे पाहिलं, खाटेवरची उशी उचलली, काखेत मारली, आणि खोलीबाहेर निघून गेली.