सिंकवरची फळी

पाळण्याची दांडी दुरुस्त होईपर्यंत श्रेया बाळाला घेऊन घोडेगावच्या सुताराकडे बाकावर बसली होती. तेवढ्यात गाठी मारलेली सुतळी घेऊन प्रयागबाई आल्या.

“अमृत, या सुतळीएवढी फळी काप. सिंकवर ठेवायची हाय.”

“भिंतीलाच ठोकून देतो की, मावशी.”

“भाड्याची खोली, बाबा. मालकीण खिळा मारू देत न्हाई.”

“सिंक झाकलं, मग भांडी कुठं घासणार?”

“एकटीचं ताट. मोरीत घासंन.”

“एकटीला ओटा पुरंना व्हय?”

“लई पुरतो. शंभर पोरांचा सयपाक वसतिगृहात करते, खोलीवर नुसता चहा.”

“मग फळी कशाला?”

“सून म्हणली, तुमच्या ओट्याशी दोघींना हात हलवाया जागा न्हाई, यावं कसं?”

“कधी म्हणली?”

“गेल्या दिवाळीला. फोनवर.”

“आता दुसरी दिवाळी आली की!”

“म्हणून तर म्हणते, आजच काप.”

करवत सुरू झाली. श्रेयानं बाकावरची बाळाची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“मावशी, बसा ना इथं.”

“नगं गं. तुला दाटी व्हईल.”