अन्याचा खांदा कुणाचा?

...आणि वर मलाच विचारत्यात, ‘अरबाज, गाडीला ब्रेक का न्हाय बसवलास?’ आता काय बोलायचं, सांगा मला! अहो, या रेसच्या मोटरसायकलला ब्रेक नसतोच! मातीचा गोल, चार गाड्या, सारखं डावीकडंच वळायचं, मागचं चाक घसरवत न्यायचं आणि ज्याचं काळीज मोठं त्यो पुढं... एवढाच खेळ हाय! ऊस गेलेल्या रानात रोलर फिरवला की झाला गोल. हे दोघं म्हातारे पहिल्या रेसपास्नं फेटं बांधून खुर्चीवर बसत्यात, शिट्ट्या मारत्यात, आणि गाडीला ब्रेक नसतोय हे यांना कधी कळलं? पोरगं दवाखान्यात पडल्यावर!

पोरगं म्हंजे आमचा अन्या. नाव अनेकांत, पण एवढं लांब नाव घ्यायला कुणाला वेळ हाय? त्यो गाडी पळवतोय, मी गाडी बांधतोय, उद्यमनगरात. मी डिप्लोमा अर्ध्यात सोडला तवा याच म्हाताऱ्यांनी पेठभर सांगितलंतं, ‘मीरासाबचं कार्टं वाया गेलं.’ गेलं तर गेलं! त्याच कार्ट्याच्या गाडीवर आता यांचे फोटोवाले फ्लेक्स लागत्यात, आणि फ्लेक्सवर गाडी बारकी, म्हातारे मोठे!

तर अन्या. तुम्हाला सांगतो, पोरगं लाखात एक. वळणावर गाडी अशी आडवी घालतोय की बघणाऱ्यानं डोळं मिटावं. पण एक खोट हाय. त्याला न्हाय म्हणायला येत न्हाय. मोठं माणूस समोर आलं की मान खाली, आणि तोंडातनं एकच शब्द.

शहर लीग निघाली तवा बाळासो अण्णा आले. आमच्या पेठेतल्या वाघजाई तालमीचे अध्यक्ष. स्वतः आयुष्यात सायकलवरनंबी पडले न्हाईत, कारण कधी बसलेच न्हाईत! म्हणाले, ‘पोरा, पेठेत जन्मलास, तालमीकडनंच पळायचं.’ आणि हे बेणं काय म्हणतंय? ‘व्हय.’ मग निपाणीकडनं त्याचा सख्खा मामा आला, बापूसो मामा. सीमेवरची लीग वेगळी, आणि तिथल्या दूधगंगा मोटर क्लबचा सगळा कारभार मामाकडं. ‘भाच्या, रक्ताचा क्लब सोडून परक्याकडनं पळतोस व्हय? आमच्याकडनंबी पळायचं.’ आणि हे बेणं काय म्हणतंय? ‘व्हय!’

झालं. शनवारी इकडं, आयतवारी तिकडं. घोटा शहर लीगमधे मुरगळला, त्यो फडकं बांधून सीमेवर नेला. बरगडी सीमेवर गेली, ती शहरात कळा मारायला लागली. अंगाची वाटणी झाली हो पोराच्या! अण्णा माईकवर, ‘ह्यो घोटा वाघजाईसाठी दिलेला घोटा हाय!’ टाळ्या. तिकडं मामा, ‘या बरगडीवर दूधगंगेचं नाव हाय!’ टाळ्या. आणि सत्कार! बोटं सुजून गाजरासारखी झालेली, त्याच हातात नारळ दिला. घेतोस का म्हणून विचारलं, तर काय म्हणणार? व्हय!

आता खरी मजा ऐका. दोन्ही लीगच्या फायनल एकाच आयतवारी पडल्या. एकाच दुपारी! अण्णांनी विचारलं, ‘येणार न्हवं?’ व्हय. मामानं फोनवर विचारलं, ‘येणार न्हवं?’ व्हय. मी म्हटलं, ‘अन्या, मर्दा, तू एक हायस का दोन?’ तर म्हणतोय, ‘बघू की.’ बघू की! निपाणी काय पेठेच्या मागच्या गल्लीत हाय?

गुरुवारी सरावाला उतरला. गाडी मामाची, गोल तालमीचा. पहिल्याच वळणावर पुढच्याचं हँडल लागलं, अन्या हवेत... आणि धाडकन मातीत. मी पळत गेलो. हात छातीशी धरून बसलाय, तोंड पांढरंफटक, आणि मलाच विचारतोय, ‘गाडीला काय झालं का रं?’

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी फोटो बघून सरळ सांगितलं, ‘उजवं कॉलरबोन मोडलंय, दोन तुकडे. सोमवारी ऑपरेशन, प्लेट घालायची. तोवर हात हलवायचा नाही. यावर परत पडलास, तर हात खांद्याच्या वर जायचा नाही, केस विंचरायला आईला बोलवावं लागेल.’ एवढं स्वच्छ सांगितलं. आई, म्हंजे राजमती काकू, शेजारीच स्टुलावर बसलेल्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात दोघं म्हातारे आले. एकाच लिफ्टमधनं! आत आल्या आल्या...

‘तुमची माती कठीण! पाणी मारायचं कळत न्हाय तुम्हाला?’

‘आमची माती लोण्यासारखी हाय, बापूसो! तुमची गाडीच पनवती!’

‘अण्णा, आमच्या गाडीवर बसूनच पोरगं मोठं झालंय!’

‘आणि आमच्या मातीत खेळून न्हाय व्हय?’

पोरगं कसं हाय? एकानं विचारलं न्हाय! केळी मात्र दोघांनीबी आणलेली.

मग अण्णा खाटंवर टेकले, आवाज एकदम मऊ. ‘अन्या, एक इंजेक्शन मारू, घट्ट पट्टा बांधू. वळायचं डावीकडं, मोडलाय उजवा खांदा... मग अडचण काय हाय?’ काय हिशोब हाय बघा! आणि हे बेणं? ‘व्हय.’ अण्णा चहाला खाली गेले, तर मामा. ‘आमच्याकडं हाड बसवणारा हाय, तेल लावून कामट्या बांधतोय, आयतवारपतूर टकाटक!’ व्हय. काकू उसळल्या, ‘बापू, तुझ्या जिनेंद्रला का बसवत न्हाईस गाडीवर?’ मामा म्हणतोय, ‘आक्का, त्यो डॉक्टरकीच्या क्लासला हाय की!’ म्हंजे बघा. ह्यांची पोरं हाडं जोडायला शिकणार, आणि मोडायला आमचा अन्या!

तुम्हाला खरं सांगतो, मला भ्या वाटलं. हसू नका. मी त्याला ओळखतो की! आयतवारी त्यो उठून गेलाच असता. कुणी रागवू नये म्हणून हात घालवला असता त्यानं.

पण म्हाताऱ्यांना एकमेकांचा भरवसा न्हाय ना! शनवारी अण्णा आले, मामा नसताना. खिशातनं कागदाची पुडी काढली, तीत तालमीतल्या आखाड्याची तांबडी माती. अन्याच्या कपाळाला लावली. ‘त्यो मामा तुला जीपमधे घालून पळवणार, मला ठावं हाय. तालमीच्या मातीची आण घे. दूधगंगेच्या गाडीवर बसणार न्हाईस!’ आणि हे बेणं काय म्हणतंय? ‘व्हय.’ अण्णा मिशीवर हात फिरवत गेले. संध्याकाळी मामा. कपाळाची माती बघितली आणि पेटला. ‘हात जोड. जैनाचं पोरगं हायस, नियम घे, मोडला तर पाप. येत्या दसऱ्यापतूर वाघजाईच्या गाडीला हात लावणार न्हाईस!’ एकच हात जोडायला येतोय, दुसरा गळ्यात! तसाच डोळं मिटून म्हणाला, ‘व्हय.’

मी कोपऱ्यात उभा. डोक्यात हळूहळू शिरायला लागलं... आरं तिच्या! दुसऱ्याच्या गाडीवर बसू नको, एवढंच दोघांनी वदवून घेतलंय. ‘माझ्या गाडीवर बस’ हे म्हणायचंच इसारले की दोघं!

आयतवारी दवाखान्याच्या दारात दोन गाड्या. इकडनं अण्णा, ‘चल.’ तिकडनं मामा, ‘चल.’ अन्या खाटंवर उठून बसला, मान खाली. ‘अण्णा, यायचं होतं हो, पण मामानं नियम दिलाय. मामा, यायचं होतं, पण तालमीच्या मातीची आण हाय.’

अण्णा बघत्यात मामाकडं, मामा बघतोय अण्णांकडं. नियम मोड असं अण्णा म्हणणार कसे? पेठेतली निम्मी गल्ली जैनांची! मातीची आण मोड असं मामा म्हणणार कसा? आयुष्यभर कुस्त्यांची मैदानं भरवली त्यानं! दोघंबी तोंडं पाडून निघाले, आणि त्याच लिफ्टमधनं गेले. काकूंनी पदरानं डोळं पुसलं आणि केळ्याचा आख्खा फणा माझ्या हातात दिला. माझ्या छातीवरनं तर रोलर उतरला हो!

मी म्हटलं, ‘अन्या, लेका, केवढं डोकं लावलंस! मुद्दाम केलंस न्हवं?’

तर म्हणतोय, ‘न्हाय रं. मोठी माणसं. म्हणाली, म्हणून व्हय म्हटलं.’

बघा! जन्मात पहिल्यांदा ‘न्हाय’ निघालं, ते माझ्यासमोर, आणि तेबी खरं!

असू दे. सोमवारी प्लेट बसली, हात शाबूत राहिला, डॉक्टरीण बाई म्हणाल्या झकास जुळेल. आपापली फायनल दोघंबी हारले. मी आठवडाभर रोज संध्याकाळी दवाखान्यात जाऊन नुसता बसून राहायचो, कुणी भांडत न्हाय, कुणी बोलवत न्हाय... काय गार वाटायचं म्हणून सांगू!

आणि काल सोडायच्या दिवशी दारात दोन अनोळखी माणसं, डोक्यावर टोप्या, हातात काजूची ही एवढी पिशवी. ‘नमस्कार पावणं, आम्ही चंदगडचं. आमच्याकडं नवी लीग निघतीया. पाऊस दिवाळीशिवाय हलत न्हाय, तवर तुमचा खांदाबी बरा व्हतोय. आमच्या गाडीला ना तालमीची आण आडवी येतीया, ना मामाचा नियम, आम्ही सगळी चौकशी करून आलोय. येणार न्हवं?’

मी ओरडणार, तवर ह्याची मान खाली गेलीती.

मग मी काय केलं? काजू खाल्लं. चांगलं होतं.