घोळ कुठं उगवते

सून: फेका ती पिशवी, बाबा. ही घोळीची भाजी नाही.

सासरे: का नाही? जमिनीवर पसरलेली, बारीक पानं, लालसर देठ. तूच काल सांगितलंस ना?

सून: देठ मोडा बरं.

सासरे: मोडला. अगं, दूध आलं की!

सून: दूध आलं की टाकायची आणि हात धुवायचे. पोटात गेली तर उलट्या. घोळीतून नुसतं पाणी येतं. पान जाड, गुळगुळीत, देठ बाळाच्या बोटासारखा गुबगुबीत. ही बघा, या फटीत.

सासरे: फरशीच्या फटीत? आणि मी मेला नळाजवळ शोधत बसलोय!

सून: तिला ऊन हवं. उकरलेली, तुडवलेली जागा असली तरी चालतं. गटाराकाठची मात्र घ्यायची नाही.

सासरे: तुझ्या सासूनं आयुष्यभर करून घातली, मी पेपर वाचत गिळली. आता ती गेली, तर मला पानसुद्धा ओळखता येत नाही.

सून: त्या गेल्यापासून तुम्ही दोन घासांवर उठताय. तुमचा मुलगा रडकुंडीला आलाय. म्हटलं, आई रोज इथून खुडून न्यायच्या ती भाजी तरी खाल.

सासरे: घास तोंडात फिरतो गं नुसता. पण काय गं, ही तर आपल्या दारातही दिसली मघाशी?

सून: कुंड्यांमागे भरपूर आहे.

सासरे: मग ती बया रोज भरदुपारी इथं एवढ्या लांब कशाला तडफडायची? आणि ही भिंत कसली?

सून: ओळखली नाहीत? तुम्ही नोकरीभर पुढच्या फाटकानं आलात. तुमच्या कारखान्याची मागची भिंत.

सासरे: काय सांगतेस!

सून: त्या खिडकीतून बघा. टाचा उचला जरा.

सासरे: अगं... माझं लेथ मशीन. भलताच कुणी उभा आहे त्याच्यावर.

सून: आईंनी मला एकदाच आणलं होतं इथं. म्हणाल्या, "नुसती यांची पाठ दिसते गं, पण जीवाला बरं वाटतं. घरी बोलू नकोस, हसतील."

सासरे: वेडी कुठली! एक हाक तरी मारायची.

सून: कामावर हाक मारलेली चालली असती तुम्हाला?

सासरे: नसती चालली.

(सासरे पुन्हा टाचा उचलून खिडकीतून बघतात.)

सून: बाबा, सावलीत बसा जरा. मी खुडते.

सासरे: नको, मीही खुडतो. कोवळे शेंडेच ना?

सून: हो. मुळं राहू द्या, परत फुटते.

सासरे: आटप मग. भूक लागलीय मला.