अनीशच्या झाडाची ढोली

सिंगापूरमधल्या पुंगोलच्या बसस्टॉपवर क्षिप्राच्या पुढे साठीचं एक जोडपं उभं होतं. इथे मराठी कोणाला कळतंय, अशा बिनघोर आवाजात दोघांचं चाललं होतं. क्षिप्राने मान मोबाइलमध्ये घातली आणि कान तेवढे मोकळे ठेवले.

"शैला, बोन्सायच्या ढोलीत काय भरलंस?"

"एम-सील. पुण्याहून आणलेलं."

"महिनाभर ग्राइंडर फिरवून खोडात कोरली होती मी ती. कडा जाळून काळ्या केल्या होत्या."

"अहो, पाणी साचत होतं त्यात. डासांची तपासणी करणारा माणूस आला, त्याने टॉर्च मारून अळ्या दाखवल्या मला."

"मला सांगायचंस. खालून भोक पाडलं असतं."

"अजून एक?"

"ऑस्ट्रेलियात या बॉटलब्रशची रानातली झाडं अशीच असतात. वणव्यातून गेलेली, पोखरलेली. त्याशिवाय खोडाला वय येत नाही."

"अनीशने पर्थला जाताना झाड आई-बाबांपाशी ठेवलं. सांभाळा म्हणाला. कोरून काढा असं नव्हता म्हणाला."

"वरून काय लावलंस?"

"तपकिरी रंग. आधी ओल्या बोटाने गुळगुळीत करून घेतलं."

"अगदी कोवळं दिसतंय."

"दिसू दे. चार वर्षांनी येतोय. त्याला वाटू दे, ठेवून गेलो तसंच आहे सगळं."

बस आली. क्षिप्राने कार्ड काढलं.

"आणि आपण? आपण कुठे तसेच राहिलोय?"

"एवढं एम-सील नव्हतं घरात."