दादाची खूण

वहिनी: म्हणजे किल्ली दिली की ट्रॉल्यांचं काम तुमचं, शेड तुमची, उद्या दारावरची पाटीही तुमचीच. बरं आहे. माझ्या पदरात काय?

दीर: पाटीचं कोण बोललं, वहिनी? मी फक्त किल्ली मागतोय. दादा गेल्यापासून शेडला किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक तुमच्याकडे. रात्रीतून मशीनचं चक्र फिरतं, ते मी फिरवत नाही. मग उरलं कोण?

वहिनी: उरले मी. आणि गेले ते.

दीर: असलं बोलू नका. दिवेलागणीला तर नकोच.

वहिनी: घाबरलात?

दीर: मी? छे... हो, घाबरलो. सकाळी येतो तर कुलूप जसंच्या तसं. आत पत्रा कापायच्या लेसर मशीनच्या डोक्यावरचं फोकसचं चक्र मात्र बरोबर दादाने ओरखडा काढलेल्या खुणेवर! आदल्या दिवशी मी ते खाली नेऊन ठेवलेलं असतं. अंगावर काटा येतो.

वहिनी: मग परत न्यावं खाली. त्यात काय एवढं?

दीर: नेतोच की. पण आज गिऱ्हाईक दारात उभं, घाईत बघायचं राहिलं. दादा जाड लोखंड कापायचा, त्याला किरण पत्र्याच्या वर एकवटलेला लागतो. हे स्टेनलेस. याला पत्र्याच्या पोटात लागतो. तसाच कापला, तर खालच्या कडेला हा एवढा बर, धारदार काटेच! गिऱ्हाइकाने बोट फिरवलं, रक्तच आलं. म्हणाला, दवाखान्याला ट्रॉल्या पुरवायच्यात, पेशंट नाही. उद्या शेवटचा नमुना.

वहिनी: गमत्या दिसतोय.

दीर: हसा. काम गेलं तर मशीन विकावं लागेल. मग रोज संध्याकाळी येऊन बसता ना, ते स्टूलही जाईल. द्या किल्ली.

वहिनी: देते हो. आधी तुमची आवराआवर तरी होऊ द्या.

दीर: ती झाली बोलता बोलता. गॅस बंद, टेबल झाडलं, नोझल पुसलं.

वहिनी: आणि?

दीर: आणि काय? फोकस मघाशीच खाली नेलाय, तुमच्यादेखत.

वहिनी: बघा बरं एकदा.

(मशीनचा पंखा फिरत फिरत थांबतो. दीर वाकून बघतो. चक्र दादाच्या खुणेवर.)

दीर: वहिनी... तुम्ही तर जागच्या हललाही नाहीत.

वहिनी: नाही. नोझल पुसलंत, फडकं खांद्यावर टाकलंत आणि डाव्या हाताने चक्र वर नेलंत. रोज नेता. तोंडाने बडबड चालू, हात आपला चालतोय.

दीर: डाव्या? मी डावरा नाही.

वहिनी: हे होते.

दीर: ...पाठीशी उभा राहायचा. मशीन झोपवताना चक्र माझ्या खुणेवर आलं पाहिजे, नाहीतर घरी येऊ नकोस, म्हणायचा. हात धरून शिकवलंय त्याने. पण वहिनी, मला काहीच कसं कळत नाही?

वहिनी: श्वास घेताना कळतं का?

दीर: आता काय करू? खाली नेऊ?

वहिनी: सकाळी न्या. पत्रा चढवायच्या आत मी येऊन उभी राहते, मग बघू कसं विसरता ते. आत्ता असू दे तिथंच.

दीर: किल्ली... किल्ली ठेवा तुमच्याकडे. पण एक सांगा. ठाऊक होतं, तर इतके दिवस बोलला का नाहीत? मी तुमच्यावर आळ घेतला, तरी गप्प?

वहिनी: बोलले असते, तर तुम्ही थांबला असता. पत्रे तुमचे गेले, बोट गिऱ्हाइकाचं कापलं, चोर मी ठरले. एवढं मोल भरलं, तेव्हा कुठे तुमच्या त्या डाव्या हातात रोज एकदा दिसायचे हो ते.